नगररचनेतील अंतराचा नियम आणि प्रौढरंजनाचे व्यवसाय : एक ऐतिहासिक विवेचन

१

एखादा व्यवसाय कायद्याने निषिद्ध ठरविता येत नाही, परंतु तो आपल्या घराशेजारी, मुलांच्या शाळेसमोर किंवा प्रार्थनामंदिरालगत असू नये असे बहुसंख्य नागरिकांना वाटते. अशा वेळी नगरशासनाने काय करावे, हा प्रश्न आधुनिक शहरांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नगरपालिकांनी जे उत्तर शोधले ते वरवर पाहता अत्यंत साधे होते. व्यवसाय चांगला की वाईट याचा निवाडा त्यांनी सोडून दिला आणि तो कशापासून किती फुटांवर असावा एवढेच सांगावयास आरंभ केला. नीतीचा प्रश्न अशा रीतीने मोजणीदाराच्या साखळीकडे सोपविला गेला.

या स्थित्यंतराची मीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. ‘प्रौढरंजनाचे व्यवसाय’ ही संज्ञा येथे लैंगिक स्वरूपाचे चित्रपट दाखविणारी गृहे, तशा प्रकारच्या पुस्तकांची व चित्रफितींची दुकाने आणि विवस्त्र वा अर्धविवस्त्र नृत्याचे कार्यक्रम करणारी मद्यगृहे यांना उद्देशून वापरली आहे. वेश्याव्यवसाय या संज्ञेत मोडत नाही; तथापि अंतराच्या व सीमांकनाच्या कल्पनेचा उगम त्याच्याच नियमनात असल्यामुळे त्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल: अंतराचा नियम हा स्वभावतः सौम्य किंवा कठोर नसतो. तो लागू केल्यावर शहरात उपयोगात आणण्याजोगी किती जमीन शिल्लक राहते, यावर तो नियमन आहे की आडमार्गाने केलेली बंदी आहे हे ठरते. अभ्यासकांनी कायद्याचा मजकूर वाचला पण नकाशा पाहिला नाही, तर या इतिहासाचा अर्धा भाग त्यांच्या हाती लागणार नाही.

२

शहरातील जमिनीची उपयोगपरत्वे विभागणी करण्याची पद्धत अमेरिकेत सर्वसाधारणपणे १९१६ च्या न्यूयॉर्कच्या नियमांपासून सुरू झाली असे मानतात. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ती घटनासंमत ठरविली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती सदरलंड यांनी उपद्रव म्हणजे पुष्कळदा योग्य वस्तूच अयोग्य जागी असणे, अशा आशयाचा विचार मांडला होता. कारखाना हा गुन्हा नव्हे, परंतु तो राहत्या घरांच्या रांगेत आला म्हणजे उपद्रव ठरतो. या विचारामुळे नगरपालिकांना एक मोठी सोय झाली. एखाद्या गोष्टीचा धिक्कार न करता तिला जागा बदलावयास लावण्याचा अधिकार त्यांना मिळाला.

परंतु स्थानाच्या आधारे नीतीचे नियमन करण्याचा प्रयोग याहूनही जुना आहे. न्यू ऑर्लिन्सच्या नगरपरिषदेने १८९७ साली, सिडनी स्टोरी या सभासदाच्या पुढाकाराने, वेश्याव्यवसायासाठी शहरातील विवक्षित मर्यादा आखून दिल्या. त्या मर्यादेबाहेर तो व्यवसाय करणे हा अपराध ठरला. मर्यादेच्या आत तो कायदेशीर आहे असे मात्र परिषदेने म्हटले नाही. या भागाला लोकांनी स्टोरी यांच्याच नावावरून ‘स्टोरीव्हिल’ म्हणावयास सुरुवात केली. मर्यादेच्या आत व लगत ज्यांची घरेदारे होती अशा मालकांनी आणि तेथील एका मेथॉडिस्ट धर्मसंस्थेने न्यायालयात दाद मागितली. आपल्या वस्तीची प्रतिष्ठा व मालमत्तेची किंमत नष्ट होईल, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९०० साली ते फेटाळले. सीमारेषा कोठे तरी आखावीच लागते आणि ती जेथे आखली जाईल तेथील कोणाला तरी झळ लागणारच, असे न्यायालयाच्या तर्काचे सार होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात आरमार खात्याच्या दडपणामुळे १९१७ मध्ये स्टोरीव्हिल बंद झाले. परंतु सीमारेषेची झळ कोणी सोसावयाची, हा त्या मालकांनी विचारलेला प्रश्न पुढील शंभर वर्षे अनुत्तरितच राहिला.

३

१९६० नंतरच्या दशकात परिस्थिती पालटली. वाङ्मय व चित्रपट यांवरील अश्लीलतेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणाची कक्षा क्रमाक्रमाने वाढविली. १९६९ साली स्वतःच्या घरात अश्लील सामग्री केवळ बाळगणे हा गुन्हा ठरू शकत नाही असा निर्णय झाला. १९७३ च्या मिलर खटल्यात न्यायालयाने अश्लीलतेची नवी कसोटी घालून दिली व तीत स्थानिक समाजाच्या मानदंडांना स्थान दिले. तरीही या कसोटीला न उतरणारी, म्हणजे ‘अश्लील’ नसलेली पण लैंगिक स्वरूपाची, पुष्कळ सामग्री घटनेच्या संरक्षणाखाली राहिलीच. तिच्यावर सरसकट बंदी घालण्याचा मार्ग नगरपालिकांना बंद झाला होता.

याच काळात हे व्यवसाय झपाट्याने वाढले. न्यूयॉर्कच्या नगरनियोजन विभागाच्या पाहणीप्रमाणे त्या शहरात १९६५ साली अशी ९ स्थळे होती. १९७६ पर्यंत ती १५१ झाली. एकीकडे मध्यवर्ती पेठा ओस पडत होत्या, मध्यमवर्ग उपनगरांकडे जात होता व जुन्या चित्रपटगृहांना प्रेक्षक उरले नव्हते. दुसरीकडे तीच स्वस्त झालेली जागा या नव्या व्यापाराला सोयीची पडत होती. म्हणून या व्यवसायांमुळे शहराची अवनती झाली, की अवनत झालेल्या भागात हे व्यवसाय आले, हा कार्यकारणभावाचा प्रश्न प्रारंभापासूनच गुंतागुंतीचा होता. पुढील सर्व न्यायालयीन वादांच्या तळाशी हाच प्रश्न आहे.

४

डेट्रॉईट शहराने १९६२ साली एक नियम केला होता. त्याचे उद्दिष्ट पेठांमध्ये दरिद्री व दारूबाजांच्या वस्त्या निर्माण होऊ नयेत हे होते. काही व्यवसाय एकेकटे असताना निरुपद्रवी असतात, पण एका ठिकाणी गोळा झाले म्हणजे आसपासचा परिसर बिघडवितात, अशी या नियमाची भूमिका होती. २ नोव्हेंबर १९७२ रोजी या जुन्या नियमात दुरुस्ती करून त्यात प्रौढ चित्रपटगृहे, तशा पुस्तकांची दुकाने व विशिष्ट प्रकारची नृत्यगृहे यांचा समावेश करण्यात आला. नियमाखाली येणाऱ्या व्यवसायांची यादी पाहण्यासारखी आहे: मद्यगृहे, हॉटेले, गहाणवटीची दुकाने, बिलियर्डची दालने, सार्वजनिक निवासगृहे, जुन्या वस्तूंची दुकाने आणि बूटपॉलिशची दुकाने यांच्याच पंक्तीला प्रौढ चित्रपटगृह बसविले गेले. अशा कोणत्याही दोन व्यवसायांपासून १,००० फुटांच्या आत तिसरा व्यवसाय काढता येणार नाही, आणि राहत्या वस्तीपासून ५०० फुटांच्या आत यांपैकी काही काढता येणार नाही, असे ठरले.

मोजणी कोठून करावयाची ही बाब किती निर्णायक असते, याचे उत्तम उदाहरण येथेच मिळते. राहत्या वस्तीपासूनचे अंतर प्रथम ‘राहण्याची खोली असलेल्या कोणत्याही इमारतीपासून’ मोजावयाचे होते. मध्यवर्ती पेठेत दुकानावर एखादी राहती खोली असणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे या मोजणीने जवळजवळ सारी पेठच निषिद्ध क्षेत्रात गेली असती. जिल्हा न्यायालयाने हा भाग अवैध ठरविला. त्यावर शहराने अपील केले नाही. मोजणी ‘निवासी म्हणून आखलेल्या विभागापासून’ करावी अशी दुरुस्ती केली. अंतराचा आकडा तोच राहिला, परंतु त्याचा आरंभबिंदू हलविताच नियमाचे स्वरूप बदलले.

ज्या दोन चित्रपटगृहांनी दावा लावला त्यांपैकी एक जुने, प्रस्थापित चित्रपटगृह होते व ते १९७३ पासून प्रौढ चित्रपट दाखवू लागले होते. दुसरे एका कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाचे रूपांतर करून उभारलेले लहानसे गृह होते. अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने जून १९७६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या मते अशा चित्रपटांचे संरक्षण करण्यात समाजाचे जे हित आहे ते राजकीय वादविवादाच्या संरक्षणाच्या मानाने गौण होते. आणि शहराने त्यांवर बंदी घातली नसून त्यांची जागा तेवढी ठरविली होती. मात्र हा नियम संरक्षित अभिव्यक्ती दडपणारा किंवा तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट फारच अरुंद करणारा असता, तर गोष्ट निराळी झाली असती, असेही त्यांनी एका टिपेत नमूद केले. न्यायमूर्ती स्टुअर्ट यांचा आक्षेप मूलगामी होता. बहुसंख्यांना ज्याची किंमत वाटत नाही त्या अभिव्यक्तीला कमी संरक्षण द्यावयाचे असेल, तर संरक्षणाला अर्थच काय उरला, असा त्यांच्या विरोधी मताचा आशय होता. स्टीव्हन्स यांची ती टीप व स्टुअर्ट यांचा आक्षेप ही पुढील इतिहासाची दोन सूत्रे होत.

५

डेट्रॉईटने विखुरण्याचा मार्ग धरला, तर बॉस्टनने नेमका उलटा. या शहरात करमणुकीच्या अशा धंद्यांचे जुने केंद्र स्कॉले चौक हे होते. १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत शासकीय कार्यालयांचे नवे संकुल उभारण्यासाठी तो सारा परिसर जमीनदोस्त करण्यात आला. धंदे नाहीसे झाले नाहीत. ते वॉशिंग्टन रस्त्याच्या खालच्या टप्प्यात जाऊन स्थिरावले, आणि त्या भागाला ‘कॉम्बॅट झोन’ हे नाव पडले. एका ठिकाणाहून हुसकावलेला व्यवसाय दुसरीकडे उगवतो, हा अनुभव घेतल्यावर शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने निराळा विचार केला. हे धंदे बॅक बे, बीकन हिल आदी निवासी भागांत पसरू द्यावयाचे नसतील, तर त्यांना एक जागा नेमून द्यावी व बाकीचे शहर मोकळे ठेवावे, अशी ही योजना होती. तदनुसार नोव्हेंबर १९७४ मध्ये ‘प्रौढरंजन विभाग’ अधिकृतपणे आखण्यात आला. शहरात अन्यत्र निषिद्ध असलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या पाट्यांनाही तेथे मुभा मिळाली.

नियोजनकारांची अपेक्षा अशी होती की, उघड व मर्यादित जागेत व्यवसाय आला म्हणजे त्यावर देखरेख सोपी होईल. प्रत्यक्षात वेश्याव्यवसाय, लूटमार व पोलिसांमधील भ्रष्टाचार यांच्या तक्रारी वाढल्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये तेथे एका विद्यार्थ्यावर प्राणघातक हल्ला झाला व त्यानंतर लोकमत या प्रयोगाच्या विरुद्ध तीव्र झाले. तथापि या विभागाचा अंत कायद्याने केला असे म्हणता येणार नाही. पुढील दोन दशकांत मध्यवर्ती भागातील जमिनीचे भाव चढले, व्हिडिओ कॅसेटमुळे असे चित्रपट घरबसल्या पाहता येऊ लागले आणि परवाने कडक झाले; या तिन्ही कारणांनी हा विभाग हळूहळू आटला.

बॉस्टनच्या कथेत एक पक्ष बहुधा दुर्लक्षित राहतो. नेमून दिलेल्या विभागाला खेटूनच चिनी स्थलांतरितांची जुनी वस्ती होती. या वस्तीने १९५० नंतर उन्नत महामार्गासाठी आणि १९६० नंतर राज्य महामार्गासाठी आपली जमीन गमावली होती. त्यानंतर इतर निवासी भागांच्या संरक्षणासाठी आखलेली सीमारेषा तिच्या उंबरठ्याशी येऊन थांबली. वस्तीतील लोकांनी विरोध केला, परंतु सीमा आखली जात असताना त्यांचा आवाज बीकन हिलच्या रहिवाशांइतका वजनदार नव्हता. १९०० साली न्यू ऑर्लिन्सच्या घरमालकांनी विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो, फरक एवढाच की झळ सोसणारा समाज आता अधिक दुर्बळ होता.

६

डेट्रॉईट व बॉस्टन येथे हे व्यवसाय निदान प्रत्यक्ष अस्तित्वात तरी होते. वॉशिंग्टन राज्यातील सिएटलजवळचे रेंटन हे सुमारे ३२,००० वस्तीचे गाव मात्र एकही प्रौढ चित्रपटगृह नसताना १९८१ साली नियम करून मोकळे झाले. निवासी विभाग, राहते घर, चर्च किंवा उद्यान यांपासून १,००० फूट आणि शाळेपासून एक मैल, अशी अंतरे प्रथम ठरली; दावा चालू असता शाळेपासूनचे अंतरही १,००० फुटांवर आणण्यात आले.

या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी थोडे भूमितीचे साहाय्य घेतले पाहिजे. अंतर हे रेषेत सांगितले जाते, परंतु ते क्षेत्रावर लागू होते. १,००० फूट त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ७२ एकर जमीन व्यापते. ५०० फुटांचे वर्तुळ केवळ १८ एकर. म्हणजे अंतर दुप्पट केले की निषिद्ध क्षेत्र चौपट होते. एक मैल त्रिज्येचे वर्तुळ २,००० एकरांहून अधिक भरते. रेंटनचे एकूण क्षेत्र सुमारे १०,००० एकरांच्या घरात होते हे ध्यानात घेतले, तर गावाच्या मध्याशी असलेली एकच शाळा मूळ नियमाखाली जवळजवळ एक पंचमांश गाव निषिद्ध करू शकत होती. नगरपरिषदेत आकडा वाढविण्याची सूचना मांडणाऱ्याला ती किरकोळ दुरुस्ती वाटते. नकाशावर तिचे परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढतात.

दुरुस्तीनंतर रेंटनमध्ये ५२० एकर जमीन, म्हणजे गावाच्या पाच टक्क्यांहून काहीशी अधिक, मोकळी राहिली. अपील न्यायालयाने ही जमीन तपासून पाहिली, तेव्हा तिच्या बऱ्याच भागावर मैलाशुद्धीकरणाची जागा, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, गोदामे व कारखाने, तेलाच्या टाक्या आणि पूर्णतः बांधून झालेले बाजारसंकुल आढळले. कागदावरची जमीन प्रत्यक्षात उपलब्ध नाही, असा त्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८६ मध्ये तो अमान्य केला. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्या मते जमीन विकत वा भाड्याने मिळेल की नाही, ती परवडेल की नाही, ही चिंता कायद्याची नव्हे. इतर व्यापाऱ्यांप्रमाणे याही व्यापाऱ्यांनी जमिनीच्या बाजारात आपला मार्ग शोधावा. तसेच रेंटनने स्वतः पाहणी केली नसली तरी सिएटलच्या अनुभवावर विसंबणे पुरेसे आहे, असेही ठरले. सिएटलने हे व्यवसाय एकत्र आणण्याचे धोरण धरले होते व रेंटनने विखुरण्याचे, परंतु यात न्यायालयाला विसंगती वाटली नाही.

या निर्णयाने ‘आनुषंगिक परिणाम’ ही कल्पना पक्की झाली. नियम चित्रपटातील आशयाविरुद्ध नसून त्या व्यवसायाभोवती वाढणारी गुन्हेगारी, घसरणारे भाव व पालटणारी वस्ती यांविरुद्ध आहे, असे म्हटले की तो आशयनिरपेक्ष ठरू लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात हे मान्य केले नाही. इतर चित्रपटगृहांना व मद्यगृहांना जे अंतर लागू नव्हते ते विशिष्ट आशयाच्या चित्रपटांनाच लावणे म्हणजे आशयाचाच विचार करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला ब्रेनन यांचा मुद्दा सहजासहजी टाळता येत नाही. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, पेठेतील रहिवाशांची तक्रार काल्पनिक नव्हती. रात्री उशिरापर्यंतची वर्दळ, वाटेत अडविल्या जाणाऱ्या स्त्रिया आणि बंद पडणारी किराणा दुकाने यांचा अनुभव त्यांनी घेतलेला होता. नियम करणाऱ्यांचा हेतू शुद्ध की अशुद्ध, या वादातून फारसे निष्पन्न होत नाही; नियमाचा परिणाम तपासणे अधिक फलदायी ठरते.

७

परिणामाची ही कसोटी न्यायालयांनीही कधी कधी लावलेली आहे. न्यू जर्सीतील माउंट एफ्रेम या छोट्या गावाने आपल्या हद्दीत सर्वच प्रत्यक्ष मनोरंजनाचे कार्यक्रम निषिद्ध केले होते. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. जेथे जागाच ठेवलेली नाही तेथे जागेच्या नियमनाची भाषा बोलता येत नाही, हा त्याचा मथितार्थ. लॉस एंजेलिसने १९७७ सालच्या पाहणीच्या आधारे विखुरण्याचा नियम केला व १९८३ मध्ये एका इमारतीत असे दोन व्यवसाय असू नयेत अशी भर घातली. २००२ साली या प्रकरणात शहराचा पक्ष तात्पुरता उचलून धरताना न्यायमूर्ती केनेडी यांनी एक महत्त्वाची मर्यादा घातली: आनुषंगिक उपद्रव कमी करावयाचा तर तो अभिव्यक्ती तितक्याच प्रमाणात कमी करून साधता कामा नये. दुकाने निम्मी केल्याने उपद्रव निम्मा झाला, तर ते नियमन नसून निम्मी बंदी झाली, असा या विचाराचा अर्थ होतो.

न्यूयॉर्कमध्ये या झगड्याला निराळे वळण लागले. १९९३ साली तेथे अशी १७७ स्थळे मोजली गेली होती. महापौर जुलियानी यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, निवासी विभाग, शाळा, प्रार्थनास्थळे व परस्पर यांपासून ५०० फुटांचे अंतर ठरविणारा नियम झाला व १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो ग्राह्य धरला. परंतु ‘प्रौढ व्यवसाय’ कोणाला म्हणावयाचे, यासाठी जागेच्या किंवा मालाच्या सुमारे ४० टक्क्यांची मर्यादा लावण्यात आली होती. दुकानदारांनी दर्शनी भागात साध्या चित्रफिती मांडून लैंगिक मालाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आणले आणि आपण व्याख्येतच बसत नाही असे दाखविले. २००१ साली शहराने व्याख्या बदलली. त्या बदलावरचा राज्याच्या न्यायालयांतील वाद २०१७ पर्यंत चालला व तेथे शहराच्या बाजूने निकाल लागला. दरम्यान टाइम्स चौकाचे रूप पार पालटले होते, आणि ते पालटण्यात नियमापेक्षा सरकारी भूसंपादन व मोठ्या भांडवलाचा वाटा अधिक होता. अंतराच्या नियमाला जे श्रेय वा दूषण दिले जाते त्यातील बराचसा अंश जमिनीच्या भावाचा असतो, हे बॉस्टनप्रमाणे येथेही प्रत्ययास येते.

८

हा इतिहास केवळ परकीय नाही. लैंगिक व्यवहाराचे अंतराने नियमन करण्याचे तत्त्व भारतीय कायद्यात डेट्रॉईटच्या दुरुस्तीपूर्वीच आले होते. स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराविषयीच्या १९५६ च्या अधिनियमाने वेश्याव्यवसाय हा स्वतःच अपराध ठरविला नाही. परंतु सार्वजनिक प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, वसतिगृह, रुग्णालय इत्यादींपासून २०० यार्डांच्या आत तो करणे अपराध ठरविले. पुढील दुरुस्तीने यार्डांच्या जागी मीटर आले. कृती कायदेशीर, पण स्थान बेकायदेशीर, ही रचना येथेही तीच आहे.

महाराष्ट्रात या रचनेची खरी परीक्षा नृत्य-मद्यगृहांच्या, म्हणजे ‘डान्सबार’च्या, प्रकरणात झाली. २००५ साली राज्यशासनाने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून अशा ठिकाणच्या नृत्यावर बंदी घातली, मात्र तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले, जिमखाने इत्यादींना सूट दिली. येथे निकष जागेचा नव्हता, ग्राहकाच्या वर्गाचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. २०१४ साली सूट काढून टाकून सरसकट बंदीचा प्रयत्न झाला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्थगिती दिली. त्यानंतर २०१६ साली स्वतंत्र अधिनियम झाला. त्यात परवान्याची पद्धत स्वीकारून अनेक अटी घालण्यात आल्या, आणि त्यांपैकी एक अशी होती की, असे ठिकाण शैक्षणिक व धार्मिक संस्थांपासून किमान एक किलोमीटर दूर असले पाहिजे.

रेंटनच्या नकाशावर जी भूमिती पाहिली तीच येथे लावून पाहू. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र ३.१४ चौरस किलोमीटर असते. बृहन्मुंबईचे क्षेत्र सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर आहे. वर्तुळे एकमेकांवर काही प्रमाणात चढणार हे गृहीत धरले, तरी योग्य रीतीने विखुरलेल्या दोनशेच्या आतबाहेर संस्था सारे शहर झाकावयास पुरेशा आहेत. आणि मुंबईतील शाळा, देवळे, मशिदी, चर्चे व अग्याऱ्या यांची गणती तर हजारांत करावी लागेल. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट स्वैर व अवाजवी ठरवून रद्द केली, कारण मुंबईसारख्या शहरात ती पाळणे अशक्यप्राय होते; अंतर ठरवावयाचे तर ते वाजवी व व्यवहार्य असावे, असे न्यायालयाने सुचविले.

दोन्ही देशांतील न्यायविचाराचा पाया भिन्न आहे, हे येथे विसरता कामा नये. अमेरिकेत वाद मुख्यतः भाषणस्वातंत्र्याचा होता. भारतात तो समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा होता, आणि त्यात नृत्य करून उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रियांच्या रोजगाराचा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला. अमेरिकन निकालपत्रांत चित्रपटगृहाचा मालक आहे, प्रेक्षक आहे, शेजारी आहे. या व्यवसायांत काम करणारी स्त्री मात्र क्वचितच भेटते. व्यवसाय गोदामांच्या व कारखान्यांच्या पट्ट्यात ढकलला गेला म्हणजे मध्यरात्रीनंतर घरी परतण्याची वाट कोणाला निर्मनुष्य रस्त्यावरून काढावी लागते, हा विचार अंतर ठरविणाऱ्या फारच थोड्या ठरावांत आढळतो. या बाबतीत भारतीय न्यायालयांनी विचारलेला प्रश्न अधिक व्यापक होता असे म्हणावयास हरकत नाही.

९

आतापर्यंतच्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विखुरणे व एकत्रित करणे या दोन परस्परविरुद्ध पद्धतींचे समर्थन एकाच प्रकारच्या युक्तिवादाने करण्यात आले. त्यामुळे ‘आनुषंगिक परिणाम’ या कल्पनेत धोरण सुचविण्याची शक्ती बेताचीच आहे, घेतलेल्या धोरणाला आधार देण्याची शक्ती मात्र मोठी आहे. दुसरा असा की, सीमारेषेची झळ बहुधा त्या वस्तीला लागते जिच्या शब्दाला नगरपरिषदेत वजन नसते. तिसरा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा, निष्कर्ष असा की, डेट्रॉईटचे १,००० फूट आणि मुंबईचा एक किलोमीटर यांतील फरक आकड्यांच्या तुलनेने कळत नाही. डेट्रॉईटच्या नियमाने शहरात अनेक जागा शिल्लक ठेवल्या, म्हणून तो नियमन ठरला. मुंबईच्या नियमाने व्यवहारतः एकही ठेवली नाही, म्हणून तो बंदी ठरला.

बंदी घालणे योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याची दोन्ही अंगांनी चर्चा होऊ शकते. परंतु बंदी घालावयाचीच असेल तर ती विधिमंडळात उघडपणे मांडली जावी, तिची कारणे दिली जावीत व न्यायालयाने ती त्याच नावाने तपासावी, हे लोकशाहीला धरून होईल. अंतराच्या आकड्यामागे ती लपली, म्हणजे मतदाराला आपण काय संमत केले हे कळत नाही आणि ज्याचा व्यवसाय वा रोजगार जातो त्याला तो कोणी घेतला हे सांगता येत नाही. नगररचनेच्या इतिहासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी यापुढे असा प्रत्येक नियम वाचताना त्या काळचा त्या शहराचा नकाशा शेजारी उघडावा, नियमात सांगितलेली वर्तुळे त्यावर काढावीत, आणि त्यांच्याबाहेर उरलेल्या जमिनीवर त्या वर्षी काय उभे होते याची नोंद पालिकेच्या दप्तरातून करून घ्यावी.